गुरुवारची हाक

आयेला हसताना मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. हे सांगितलं की माझी सून म्हणते, "काहीतरीच तुमचं, आई. एकदा तरी हसल्या असतीलच की." असेल हसली. माझ्यासमोर नाही हसली, एवढंच मला म्हणायचंय. आणि मी कोण, तर अर्ध्या पुणे जिल्ह्याला हसवून आलेली बाई! दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर गावकरी मंडळींसाठी कार्यक्रम लागायचा. त्यात भागूआक्का म्हणून एक तोंडाळ म्हातारी यायची. नवऱ्याला झापायची, तलाठ्याला झापायची, सरकारी खताच्या पोत्यालासुद्धा झापायची. लोक हातातली कामं टाकून तिच्यासाठी चावडीवर जमायचे. ती भागूआक्का मी. तेव्हा मला एकोणिसावं लागलं होतं आणि मी साठीची म्हातारी करायचे. आता पंच्याहत्तरी उलटली, म्हातारपण आयतं अंगात आलंय, तर कुणी माईकसमोर उभं करत नाही. चालायचंच.

आमचं घर नेरे गावाच्या शिवेवर होतं. आज ज्या सहाव्या मजल्यावर बसून मी हे लिहितेय, त्याच्या खाली कुठंतरी. जमिनीवर इमारती झाल्या तेव्हा आम्हाला हा फ्लॅट मिळाला, आणि आयेची चूल जिथं होती तिथं आता लिफ्ट उतरते असं मी आपलं धरून चालते. दोन खोल्या, पुढं पडवी, आणि पडवीला लागून मेंढवाडा. मेंढरं रात्रभर खोकायची. पाहुण्याला वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे. आम्हाला उलट तो आवाज थांबला की जाग यायची. घोंगडीचा, लेंड्यांचा, पावसात भिजलेल्या लोकरीचा वास माझ्या परकराला इतका मुरला होता की शाळेत मुली माझ्यापासून हातभर लांब बसायच्या. खायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, वर लसणाचा ठेचा. मेंढी व्यायली की खरवस, त्यावर मात्र आम्ही भावंडं तुटून पडायचो. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन ताम्हिणीच्या वाटेनं कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. मग पावसाळाभर आबा लोकांच्या रानात भातलावणीला, आणि मेंढरं आयेकडं. पुढं चालणाऱ्या एका शेळीसकट चार ईसा मेंढरं होती. आमच्यात विसाविसानंच मोजायचे, आणि आयेला मोजायला तोंड हलवावं लागायचं नाही, नुसती बोटं हलायची.

संध्याकाळी चुलीपुढं माझा खेळ चालायचा. दिवसभरात जो जो भेटला त्याची नक्कल. गिरणीवाला, पोलीस पाटील, कुडाच्या आडून बोलणारी धाकटी काकू. आबा हसून हसून ठसका लागेपर्यंत जायचे, "बास कर गं हिरे, मरतो आता," म्हणायचे. आये भाकरी थापत बसलेली. तिची मान वर नाही. माझं सगळं झालं की तव्यावरची भाकरी उलथत म्हणायची, "न्हाई जमलं." कधी कधी कारणही सांगायची. "पाटलाचा डावा पाय आदी पडतो. तू उजवा टाकलास." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाटलाच्या मागून चालत जायचे, आणि खरंच हो, डावा! बाई दिवसभर मेंढरांकडं बघणारी, तिला माणसं इतकी बारीक कधी दिसायची कोण जाणे. पुढं रेडिओत मला मोठमोठ्या माणसांनी शाबासकी दिली. पण मला हवं होतं ते एकच. आयेनं एकदा ऐकावं, हसावं, आणि म्हणावं, "जमलं." त्याच्यापुढं बाकी सगळं फिकं होतं, आजही आहे.

आता आयेच्या हाकेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंढरं राखणाऱ्या प्रत्येक माणसाची हाक वेगळी असते. दहा कळप एका माळावर मिसळले तरी ज्याच्या त्याच्या हाकेवर जो तो कळप फुटून निघतो. आयेची हाक अशी: आधी पोटातून एक लांब "होऽऽऽऊ", मग जीभ टाळ्याला लावून "डिर्र्र्र, डिर्र्र्र", आणि शेवटी "याऽ गं बाऽऽय". त्या शेवटच्या 'बाय'ला तिचा आवाज वर जाऊन चिरकायचा. का चिरकायचा ते तिलाही सांगता यायचं नाही. पण मेंढरं त्या चिरकण्यावरच वळायची. आबांनी शंभरदा करून पाहिली, एक कोकरू वळलं नाही. मी कधी केली नव्हती. मेंढरांसमोर पोरांनी आयेची हाक मारायची नसते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हाकेशी खेळायचं नाही.

रेडिओवाले कारखानीस साहेब आमच्या गावात आले ते बायकांची जात्यावरची गाणी टिपायला. सोबत हे एवढं मोठं टेपचं यंत्र, दोन माणसांनी उचललेलं. चष्मा वर ढकलायचा आणि दर गाण्यानंतर "हां, हां, सुरेख!" म्हणायचं ही त्यांची खोड. ते जेवायला बसले तेव्हा मी पडवीत बायकांना साहेब करून दाखवत होते, आणि साहेब कधी हात धुऊन मागं येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. बायका एकदम गप्प. मी वळले. साहेब चष्मा वर ढकलून म्हणाले, "हां, हां, सुरेख!" आणि स्वतःच हसत सुटले. महिन्याभरात मी पुण्यात, मावशीच्या घरी. मावशी एका वकिलांकडं स्वयंपाकाला होती. तिच्या खोलीत मी झोपायचे, आणि गुरुवारी दुपारपासून स्टुडिओत.

स्टुडिओ म्हणजे थंडगार खोली, खाली जाजम, भिंतींना भोकंभोकं. कागद उलटताना आवाज होता कामा नये म्हणून पानं सुटी करून एकेक जाजमावर सोडायची. सगळं थेट जायचं. एकदा लाल दिवा लागला की तोंडातून निघालेला शब्द परत घेता यायचा नाही. भागूआक्काच्या नवऱ्याचं काम गणपतराव करायचे. दिवसा पोस्टात कारकुनी, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. पन्नाशीचा सज्जन माणूस, मी त्यांना हवे ते बोल लावायचे आणि कार्यक्रम संपला की पाया पडायचे. लोक काचेपलीकडं हसत असायचे, पण काचेतून हसण्याचा आवाज येत नाही. विनोद करून गप्प उभं राहायचं आणि समोरच्यांची तोंडं हलताना बघायची. त्याची सवय व्हायला मला फार वेळ लागला. आणि भागूआक्का ही कुठून आली म्हणून मला सगळे विचारायचे. मी म्हणायचे, आमच्या गावात आहे एक. खरं सांगायची तेव्हा लाज वाटली, आता कसली लाज? भागूआक्का म्हणजे माझी आये. तेच तोडून बोलणं, तेच समोरच्याचा पाय कुठला आधी पडतो ते बघणं. फक्त आये कमी बोलायची आणि भागूआक्का थांबायची नाही.

गावात चावडीवर रेडिओ होता. सगळं गाव ऐकायचं. आबा पुढं जाऊन बसायचे आणि घरी येऊन आयेला पहिल्यापासून सांगायचे. पण सांगितलेला विनोद तो काय! आये म्हणायची, "बरं." मी सुट्टीला गेले की तिला धरून बसायचे. "आये, एक गुरुवार ये की चावडीवर." ती म्हणायची, "साडेसहाला मेंढरं आत घ्यायची असत्यात. तुज्या रेडिओपायी रानात ठिवू व्हय?" तिचं चुकीचं नव्हतं. लांडगा तोवर आमच्याकडं हिंडत होता. पण मी हट्टाला पेटले. आपण सगळ्या मुलखाला ऐकू जातो आणि आपल्याच आयेला नाही, हे मला सहन होईना. सरपंच महिपतराव मोठे हौशी. त्यांनी शाळेच्या कार्यक्रमासाठी कर्णा आणला होता. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, "काका, रेडिओला कर्णा जोडून चावडीवर बांधता येईल का?" ते म्हणाले, "आपली पोर बोलती आन् गावाला ऐकू न्हाई येत, ह्ये काय बरं दिसतंय व्हय? बांधतो की!" बांबूला कर्णा बांधला. तोंड गावाकडं होतं. मी म्हटलं, "माळाकडं करा." त्यांनी माळाकडं केलं. हे मी म्हटलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

मधे काय होतं ते मला ठाऊक होतं. चावडी आणि माळ यांच्या मधोमध दगडाची जुनी खाण. काम बंद पडून वर्षं झाली होती, पावसाळ्यात ती काठोकाठ भरायची आणि कडेला कमरेएवढं गवत माजायचं. पायवाट तिला वळसा घालून बाभळीकडून येते. आम्ही पोरं त्याच वाटेनं शाळेत गेलो. मला खाण नव्या माणसासारखी कुणी दाखवायला हवी होती असं नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात खाण नव्हतीच. आये होती. रविवारी पुण्याला निघताना मी तिला म्हटलं, "ह्या गुरुवारी माळावरनंच ऐक. तुज्यासाठी एक गंमत करणार हाय." ती एका कोकराच्या खुरातला काटा काढत होती. म्हणाली, "बरं."

त्या गुरुवारच्या खेळात भागूआक्काचा नवरा पारावर पत्ते खेळत बसतो आणि घरी येत नाही, असं होतं. कागदावर वाक्य होतं: 'आक्का नवऱ्याला जोरात हाक मारते.' तालमीत मी नुसतं "अहो, अहो" केलं. कुणाला काही सांगितलं नाही. लाल दिवा लागला. माझी वेळ आली तशी मी म्हटलं, "ह्यो बाबा मेंढरागत हाकारल्याबिगर घरला यायचा न्हाई," आणि पोटातून श्वास घेऊन आयेची हाक मारली. होऽऽऽऊ. डिर्र्र्र, डिर्र्र्र. याऽ गं बाऽऽय. आयुष्यात पहिल्यांदा. चिरकणंसुद्धा बरोब्बर जागेवर आलं. माझ्याच अंगावर काटा आला. गणपतराव भलतेच हुशार, कागद सोडून म्हणाले, "आलो गं बाय, पानं तर वाटू दे!" काचेपलीकडं कारखानीस साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. तंत्रज्ञ टेबलावर डोकं टेकून गदगदत होता. नट माणसाला एकदा असं दिसलं की त्याला थांबवत नाही हो. मी एकदाच मारायची ठरवली होती. दुसऱ्यांदा मारली. मग गणपतरावांनी अजून एक टोला दिला आणि मी तिसऱ्यांदा मारली, सगळ्यात मोठ्यानं. त्या रात्री मावशीच्या खोलीवर जाताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते. आता आये काय म्हणेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात उभे. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरचं घोंगडं ओलं. "घरला चल," म्हणाले. मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "आयेनं ऐकलं का?" आबांनी घोंगडं डोक्यावरून उतरवलं. "ऐकलं," म्हणाले. मला वाटलं, आनंदानं बोलता येत नाहीये त्यांना. गाडीत मी त्यांना खोदून खोदून विचारत होते, हसली का, काय म्हणाली. ते पायावरच्या चिखलाच्या खपल्या काढत होते. उतरून चालायला लागलो, आणि बाभळीपाशी आलो तर खाणीच्या काठावर गाव जमलेलं. दोर सोडून माणसं काहीतरी वर ओढत होती. मेंढरू पाण्यात भिजलं की किती जड होतं ते ज्यानं उचललंय त्यालाच कळतं. लोकर पाणी पिते. चार चार बाप्यांना एक वर येत नव्हतं. गवतावर ओळीनं ठेवली होती. मी मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं.

झालं ते महिपतरावांनी सांगितलं, कारण आबांना बोलवेना. आये कळप घेऊन मेंढवाड्याच्या तोंडाशी आली होती. पहिल्या हाकेला मेंढरांनी माना वर केल्या. आयेसुद्धा जागच्या जागी थबकली. दुसऱ्या हाकेला कळप वळला आणि कर्ण्याच्या दिशेनं सरळ धावत सुटला. वळसा घालून जायचं त्यांना कुणी सांगायचं? पायवाट माणसांची असते, मेंढरू आवाजाकडं सरळ जातं. आये मागून पळत हाका मारत होती, तीच हाक, त्याच शब्दांत, त्याच सुरात. पण तिची हाक एका बाईच्या गळ्यातली आणि माझी बांबूवर बांधलेल्या कर्ण्यातली. कळपाच्या पुढं घंटा बांधलेली एक शेळी असायची, शहाणी. ती काठावर थांबली म्हणे. पण मागून तिसरी हाक आली. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं, आणि मग एकामागून एक. शेळी पहिली गेली, मागं सोळा मेंढरं. सतरावर आये काठावर आडवी पडली म्हणून उरलेली तिच्या अंगाला अडून थांबली. तिच्या पाठीवर खुरांचे वळ होते, ते मी पुढं न्हाऊ घालताना पाहिले.

माझ्या नकलेला पुष्कळ लोकांनी दाद दिली, पण इतकी खरी दाद पुन्हा कुणी दिली नाही. हे वाक्य मी कित्येक वर्षं मनात बाळगून आहे, कुणापुढं बोलले नाही. विनोदी नटीला दुःखातसुद्धा असलंच काहीतरी सुचतं, त्याला इलाज नाही.

आये पडवीत बसली होती. पाठ भिंतीला लावता येत नव्हती म्हणून ताठ. मी तिच्या पायाशी जाऊन कोसळले. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं तिनं. मी म्हटलं, "आये, मला ठावं न्हवतं गं. मला वाटलं तू हसशील." तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, मला तो दिसला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी बी हाक मारत हुते. पर तुजी मोठी हुती." मग चुलीपुढं म्हणायची तशाच सपाट आवाजात म्हणाली, "जमलं तुला. मला बी वाटलं, माजीच हाक हाय."

एवढी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला तो असा मिळाला. परतही करता येईना.

पुढचं लवकर सांगते. आयेनं ती हाक पुन्हा कधीच मारली नाही. पत्र्याच्या डब्यात चार खडे घातले आणि तो खुळखुळवून ती मेंढरं वळवायला लागली. जुन्या मेंढरांना कळेना, वर्षभर आबा आणि ती काठी घेऊन मागं धावायची. हळूहळू कोकरं डब्यावर शिकली. महिपतरावांनी कर्णा काढला आणि तो शाळेच्या माळ्यावर गेला. मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! रेडिओवर पत्रांचा ढीग लागला. भागूआक्काची ती हाक पुन्हा ऐकवा, ती हाक पुन्हा ऐकवा. त्या दिवशीचा कार्यक्रम त्यांनी टेपवर घेतला होता, आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला ओळख म्हणून दर गुरुवारी माझी ती हाक लावायचं ठरलं. मी कारखानीस साहेबांपुढं जाऊन सगळं सांगितलं, रडले. भला माणूस, चष्मा वर ढकलायचंही विसरला. म्हणाले, "हिरा, मी वरच्या साहेबांना लिहून पाठवतो." त्यांनी दोनदा लिहिलं. वरून मंजूर झालेलं वरूनच बदलणार, आणि वर बसलेल्यांना नेरं कुठं आहे तेही ठाऊक नव्हतं. त्यांचा काय दोष? लोकांना ती हाक आवडली होती. मी सोडून जाते म्हटलं तर टेप कुठं जाणार होती? ती माझ्याविनाच वाजली असती. मग मी राहिले. भागूआक्का होऊन बोलत राहिले. भित्री होते म्हणा, की मला लोकांचं हसणं हवं होतं म्हणा.

तोवर चहाच्या टपरीवर, गिरणीवर, रानात बैलजोडीच्या मानेला, जिकडंतिकडं छोटे रेडिओ झाले होते. तेव्हापासून आमच्या घरी गुरुवारी मेंढरं चरायला निघायची नाहीत. दिवसभर मेंढवाड्यात, आये पाला तोडून आणून घालायची. नवीन सून घरात आली तर तिला सांगायचे, गुरुवारी मेंढरं आत. तिला वाटायचं देवाचं काही असेल. साडेसहा वाजले की आये मेंढवाड्याच्या झाप्याला, त्या कुडाच्या दाराला, पाठ लावून उभी राहायची. कुठूनतरी वाऱ्यावर माझी हाक यायची, आत जुनी मेंढरं झाप्याला धडका द्यायची, आणि आये डबा छातीशी धरून उभी. नऊ वर्षं असं चाललं. मग कार्यक्रमच बंद झाला.

आता त्यातलं काहीच शिल्लक नाही. सुनेनं मागं हौसेनं शोध घेतला. ती लातूरची, हिंजवडीत कंपनीत आहे, फोनवर काय वाट्टेल ते शोधून काढते. रेडिओवाल्यांनी तिला कळवलं की त्या जुन्या टेपा पुसून त्यांच्यावर दुसरं काही भरलं. "सो सॅड, आई," म्हणाली. मी म्हटलं, "असू दे गं." मनातून मला आनंद झाला, आणि लगेच वाईटही वाटलं. आपला आवाज जगातून पुसला गेला हे ऐकून कुणाला बरं वाटेल?

आबा गेल्यावर आये माझ्याकडंच होती. माझे यजमान शाळामास्तर, तेही तिच्या आधी गेले. शेवटच्या वर्षात तिला काळवेळाचं भान उरलं नव्हतं. या फ्लॅटला ती सरकारी दवाखाना समजायची. संध्याकाळ झाली की मात्र जीव वरखाली व्हायचा. "मेंढरं आली का गं?" मी म्हणायचे, आली. "कुटं आली? खोकत न्हाईत." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं ती झोपायची आणि उठली की तेच. मी स्टीलच्या डब्यात हरभरे घालून वाजवून दाखवले. तिनं मान फिरवली. "ह्यो न्हाई." पत्र्याचा डबा घर पाडताना कुठल्या ढिगाऱ्यात गेला देव जाणे. माझा मुलगा, सून, मी, तिघं तिच्याभोवती उभे राहायचो आणि आमच्या हातात करण्यासारखं काही नसायचं.

त्या दिवशी वार कुठला होता ते मी मुद्दाम सांगत नाही, तुम्हाला वाटेल मी जुळवून लिहिते. बाहेर झिमझिम होती. आये उशीला टेकून बसली होती आणि बोटं पांघरुणावर हलत होती. एकदम माझं मनगट धरलं. ओळख होती त्या डोळ्यांत, बऱ्याच दिवसांनी. "हिरे," म्हणाली, "अंधारून आलंय. हाक मार."

"कुनाला, आये?"

"मेंढरांस्नी. माजी न्हाई पोचायची. तुजी मोठी हाय."

मी नाही म्हणाले. घसा गेलाय म्हणाले. सोसायटीतले लोक काय म्हणतील म्हणाले. ती मनगट सोडेना. पंचेचाळीस वर्षांत मी ती हाक मनातसुद्धा मारली नव्हती. गॅलरीत गेले. समोर ती खाण आहे, अजून आहे. तिला कठडा बांधून, कारंजं सोडून तिचा तलाव केलाय, सोसायटीच्या जाहिरातीत तिचा फोटो असतो. मी गॅलरीचा कठडा धरला आणि मारली. होऽऽऽऊ. डिर्र्र्र, डिर्र्र्र. याऽ गं बाऽऽय. कसं कोण जाणे, म्हातारा घसा, पण तो 'बाय' तिथंच चिरकला. खाली वॉचमन वर बघायला लागला. कुत्री भुंकली. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली.

आत आले. आयेची बोटं थांबली नव्हती. एक ईस. दोन ईसा. तीन ईसा, मग तीन बोटं.

"आली का समदी?" मी विचारलं.

"सतरा कमी हायेत," आये म्हणाली. आणि माझं मनगट पुन्हा धरून, अगदी समजुतीनं, माझ्या लहानपणी कधी बोलली नाही इतक्या मऊ आवाजात म्हणाली, "आजून मार. येत्याल."

मी पुन्हा गॅलरीत गेले. खाली वॉचमन हातवारे करून ओरडत होता. मी हाक मारत राहिले.